मदत हवी आहे: ब्रेक पेडल हळूहळू खाली बसतं, ऑइल मात्र कमी होत नाही

मंडळी, जुनी गाडी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. गाडी उभी करून पेडलवर हलका पाय ठेवला की ते सावकाश तळाला जातं. जोरात दाबलं तर घट्ट राहतं, स्पंजसारखं लागत नाही. म्हणून लायनीत हवा असेल असं वाटत नाही.

ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी जशीच्या तशी. ड्रम काढून व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने ड्रममधले ब्रेक शू पसरवणारे) रबरी बूट उचकटून पाहिले, आत कोरडे. पण मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) जिथे बसतो, तिथे खालच्या कडेचा रंग फुगून सुटलाय आणि बोटाला ओशट लागतं. मेकॅनिक म्हणतो बूस्टर बदला. हे काही पटत नाही. बूस्टर गेला तर पेडल जड होतं, खाली कशाला बसेल?

माझा संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर. खात्री करायला चाकांकडे जाणारे रबरी होज पाईप चिमटवून बघतात, पण जुन्या रबराचा आतला थर फाटण्याची भीती वाटते. त्यापेक्षा मास्टर सिलिंडरची ऑइल बाहेर जाणारी तोंडं प्लगने बंद करून पेडल दाबावं का? कोणी केलंय? आणि बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) खड्डे दिसले तर नुसतं सीलचं किट टाकण्यात अर्थ आहे का?

आणखी एक. पुढचं डावं चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहतं, त्याचं निपल (ऑइल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सैल केलं की लगेच मोकळं. म्हणजे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ठीक, होज आतून बुजलाय, बरोबर ना?

तोवर गाडी बाहेर काढत नाहीये.