एकाच मातीचा सेंद्रिय कर्ब दोन पद्धतींनी इतका वेगळा का? (रावेर, केळीची काळी माती)

तापीकाठ
नमस्कार. पीएचडीसाठी रावेरकडच्या केळीच्या शेतांतली माती तपासतेय. ० ते १५ सेंमी थराच्या एकाच नमुन्याचा कर्ब वॉकले-ब्लॅकने (डायक्रोमेटने कर्ब जाळून उरलेलं डायक्रोमेट टायट्रेशनने मोजायची पद्धत) ०.४८ टक्के, सीएचएन मशीनवर (माती भट्टीत जाळून कर्ब मोजणारं यंत्र) १.७८. माती १ ग्रॅम, टायट्रेशनला लागलेलं द्रावण ब्लँकला (माती न घालता) २०.० मिली, नमुन्याला १६.८ मिली. तीनदा करूनही तेच. प्रबंधात कोणता आकडा धरू?

काळीभोर
ताई, टायट्रेशनच्या आकड्याला १.३ ने गुणायचं राहिलंय. या पद्धतीत बाहेरून उष्णता देत नाही, त्यामुळे सरासरी ७७ टक्केच कर्ब जळतो असं धरतात. गुणलं की ०.६२. उरलेला १.१६ बहुतेक मुक्त चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. मशीनच्या भट्टीत कॅल्शियम कार्बोनेटही फुटतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड सेंद्रिय कर्बातच मिसळून मोजला जातो. कार्बोनेटमध्ये कर्ब १२ टक्के, म्हणजे १.१६ भागिले ०.१२, साधारण ९.७ टक्के चुना. आपल्याकडच्या काळ्या मातीत एवढा चुना सहज सापडतो. खात्री करायची तर मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका, चर्र होऊन फेस येईल. डायक्रोमेट चुन्याला जाळत नाही, म्हणून टायट्रेशनमध्ये तो धरला जात नाही. सेंद्रिय कर्ब म्हणून ०.६२ लिहा आणि गुणक वापरल्याचं तिथेच नमूद करा.

पिपेट
मशीनचाच आकडा हवा असेल तर आधी चुना घालवा. चांदीच्या कॅप्सूलमध्ये मैद्यासारखी दळलेली ३० मिलिग्रॅम माती, ५० मायक्रोलिटर पाणी, डेसिकेटरमध्ये (झाकणाचं हवाबंद काचपात्र) शेजारी तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडचा बीकर, ६ तास. मग ६० अंशांना रात्रभर वाळवा. टिनची कॅप्सूल ॲसिडने खाल्ली जाते, ती नंतर वरून गुंडाळायची. चुनखडीचा खडा राहिला तर आतला चुना तसाच राहतो, म्हणून दळण्यात कसूर नको. पण लोखंडी खलबत्ता नको! लोखंडाचा कीस टायट्रेशनच्या नमुन्यात गेला की डायक्रोमेट खातो आणि कर्ब उगाच फुगतो.

तापीकाठ
थेंब टाकून पाहिले, चांगलाच फेस आला. धन्यवाद! काही नमुने चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीचे आहेत, तिथेही हेच करू?

काळीभोर
तिथे क्षार बघा. क्लोराइडही डायक्रोमेट संपवतं आणि कर्ब जास्त दिसतो. खारवट नमुन्यांसाठी सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सिल्व्हर सल्फेट विरघळवून घ्या. आणखी एक, केळीच्या खोडाचे तुकडे आणि मुळ्या दळण्याआधी वेचा. १ ग्रॅममध्ये एक धागा आला तरी रीडिंग हलतं. ॲसिड ओतताच फ्लास्क नारिंगीचा हिरवा झाला तर डायक्रोमेट संपलंय, अर्धा ग्रॅम घेऊन पुन्हा करा. शेवटचा बिंदू जांभळट निळ्यावरून एका थेंबात लख्ख हिरवा व्हायला हवा. रंग रेंगाळला तर फॉस्फोरिक ॲसिड कमी पडलं असेल. टायट्रेशनचं द्रावण, फेरस अमोनियम सल्फेट, हवेने उतरतं, म्हणून ब्लँक रोज घ्या.

पिपेट
आणि उरलेलं क्रोमियमचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे.