यूकेत शिकायला जाताना जीपीकडे नोंदणी: पहिल्याच आठवड्यात की गरज पडल्यावर?

शेफील्डकर:
मास्टर्सला येणारी मुलं कुकर आणू का, मसाले किती आणू, सगळं विचारतात. डॉक्टरचं कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा. माझं मत: खोलीची किल्ली मिळाली की त्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेलाच असतो, वर्षाला ७७६ पौंड. वर्षभराच्या कोर्सला व्हिसा पुढच्या चार महिन्यांसकट मिळतो, म्हणून दीड वर्ष धरून ११६४. नोंदणी फुकट आहे. पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र नाही एवढ्यावरून इंग्लंडात नाव नाकारता येत नाही. रिसेप्शनवर अडवलं तर हे ठामपणे सांगा.

ठाणेकर_लीड्स:
असहमत. नाव नोंदवून मिळतं काय? सकाळी आठला फोन लावायचा, नंबर लागेपर्यंत त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या. हिवाळ्यात माझे हात फुटून रक्त यायचं. सर्जरीने (जीपीच्या दवाखान्याने) फोनवरच मलम लिहून दिलं, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायला नकार. आपल्याकडे सरळ तज्ज्ञाकडे जातो, इथे मध्ये जीपी बसलेला. शेवटी ठाण्याच्या आमच्या डॉक्टरांना व्हिडिओवर हात दाखवले. ते मला लहानपणापासून ओळखतात, त्यांच्या औषधाने गुण आला.

मुलाची_आई, नाशिक:
ठाणेकरांचं पटतं. मुलगा जानेवारीत निघतोय. आमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकसकट औषधं बांधून दिली आहेत. तिकडे ताप आला तरी पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या एवढंच सांगतात म्हणे. एकट्या पोराने काय करायचं?

फार्मसीत_काम_करते:
काकू, बहुतेक सर्दी-ताप विषाणूंचे असतात, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. मुलाने ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, एवढं नक्की सांगा. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडात सात तक्रारींवर फार्मसिस्टच उपचार करू शकतो: घसादुखी, सायनस, किडा चावून झालेला संसर्ग, बायकांचा साधा लघवीचा संसर्ग वगैरे. जीपीची वेळ घ्यावी लागत नाही. रात्री-अपरात्री काय करावं कळेना तर १११ला फोन करा, जीवावर बेतलं तर ९९९.

शेफील्डकर:
ठाणेकर, आठच्या फोनचा त्रास खरा आहे. आता इंग्लंडातल्या सर्जऱ्यांना कामाच्या वेळेत दिवसभर ऑनलाइन विनंती घ्यावी लागते, तो मार्ग वापरा. पण ठाण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही. रक्त तपासायचं, एक्स-रे काढायचा, तर ते काय करणार?

शिवाय मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. हॉस्टेलात नव्याने एकत्र आलेल्या मुलांना त्याचा धोका जास्त, आणि काही तासांत माणूस जाऊ शकतो. २५ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना त्याविरुद्धची मेनएसीडब्ल्यूवाय लस जीपीकडे फुकट मिळते. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचे) राहिलेले डोसही.

मला सर्वांत जास्त काळजी मनाच्या आजाराची वाटते. डिसेंबरात इथे चारच्या आत अंधार पडतो. मुलं खोलीत कोंडून घेतात, असाइनमेंट बुडतात, आणि घरी फोनवर ‘सगळं ठीक’. मुदतवाढ मागितली की युनिव्हर्सिटी बहुतेक वेळा डॉक्टरचा पुरावा मागते. महिन्याभराच्या त्रासानंतर पहिल्यांदाच दारात उभं राहिलेल्या मुलाबद्दल डॉक्टर मागचं काय लिहून देणार? वेळेत नोंद असेल तर औषध वेळेत आणि कागदही वेळेत.

ठाणेकर_लीड्स:
लस आणि पुराव्याचं मान्य. जुन्या दुखण्यांचं मात्र पटत नाही. माझ्या रूममेटला थायरॉइड आहे. इंग्लंडात प्रत्येक औषधाला ९.९० पौंड मोजण्यापेक्षा तो सुट्टीत जाऊन वर्षाच्या गोळ्या आणतो. ओळखीचा डॉक्टर, जुनी फाइल, मी तरी हेच करीन.

फार्मसीत_काम_करते:
थांबा, त्यांना पैसे पडायलाच नकोत! थायरॉइड कमी असून रोज गोळी लागत असेल तर इंग्लंडात सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं, मग चिठ्ठीवरची सगळीच औषधं फुकट. मधुमेहावर गोळी किंवा इन्सुलिन असेल तरीही. पण तो फॉर्म सर्जरीतूनच मिळतो आणि त्यावर तिथल्याच डॉक्टरांची सही लागते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर चिठ्ठीच्या औषधांना पैसेच नाहीत.

मुलाची_आई, नाशिक:
हे माहीतच नव्हतं. आमच्या मुलालाही थायरॉइडची गोळी आहे. त्याच्याबरोबर काय काय कागद द्यावेत?

फार्मसीत_काम_करते:
डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या: निदान, औषधाचं मूळ नाव (ब्रँड नको, तिथे तो वेगळा असतो), डोस मायक्रोग्रॅममध्ये. शेवटचा टीएसएचचा (थायरॉइडच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि लसींची नोंद जोडा. नोंदणी होऊन पहिली चिठ्ठी मिळेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या त्याच्या हातातल्या बॅगेत असू द्या.