पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) इंटर्न आहे. सांगितलेलं पेशंटच्या घरी पोचतच नाही

प्रश्न (इंटर्न, यवतमाळ जिल्हा):
पीएसएमची (सामाजिक वैद्यकशास्त्राची) पोस्टिंग चालू आहे. परवा एक कोलाम आदिवासी बाई दीड वर्षाचं पोरगं घेऊन आली, जुलाब. ओआरएस दिलं, झिंक दिलं. "एक लिटर पाण्यात अख्खं पाकीट, रोज एक गोळी, १४ दिवस. समजलं?" तिनं मान हलवली. चौथ्या दिवशी पोरगं परत, डोळे खोल गेलेले. घरी आजी कपभर पाण्यात चिमूट टाकून पाजत होती. गोळीनं ओकलं म्हणून बाकीच्या गोळ्या फडताळात. ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, आता बरं आहे. सीनियर म्हणाले, "अडाणी लोक." मला तसं वाटत नाही. एटकॉमच्या (पेशंटशी वागण्या-बोलण्याच्या विषयाच्या) रोलप्लेत मला चांगले मार्क होते हो! मग चुकलं कुठं?

उत्तर १ (निवृत्त एएनएम, उपकेंद्रातली नर्स):
डॉक्टरसाहेब, 'समजलं का' हे विचारनंच सोडा. साहेबापुढं 'नाही' कोन म्हणन? मी म्हनायची, "बाई, घरी सासूनं विचारलं सिस्टरनं काय सांगतलं, तं काय सांगशीन?" मंग ती बोलते, अन् कुठं चुकलं ते तिथंच दिसते.

अन् लिटर कायचा? तिच्या घरी गडवा राहते, गंज राहते. मी उपकेंद्रात पान्याची लिटरची रिकामी बाटली ठेवली होती. बाईनं घरचा गडवा आनायचा, बाटलीनं भरून पाहायचा. मंग पाकीट तिच्याच हातानं घोळाले लावायची. उरलेलं २४ तासांनी फेका म्हनून दोनदा सांगा, बायाच्यानं फेकवत नाही. झिंक चमच्यात पान्यात विरघळवायचं, अर्ध्या तासात ओकलं तं पुन्हा द्यायचं. हे तुमीच सांगतलं नसन.

आजीले बोलवा. घरात तिचंच चालते.

उत्तर २ (वैद्यकीय अधिकारी):
सोमवारी बाजाराच्या दिवशी शंभरावर ओपीडी, डॉक्टर मी एकटा. गडवे मोजत बसू?

उत्तर १ पुन्हा:
सगळ्याईचे नका मोजू साहेब. जुलाबाचं लेकरू अन् नवा शुगरवाला, एवढेच. बाकीचं आशाले सांगा, ती घर पाहून येते.

उत्तर ३ (सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची जुनी विद्यार्थिनी):
आम्ही पहिल्याच वर्षी दत्तक गावात शिबिराला राहिलो, घरं वाटून घेतली. आता सगळ्याच मेडिकल कॉलेजांत कुटुंब दत्तक योजना आहे, विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची. बऱ्याच पोरांसाठी मात्र ती लॉगबुकातली सही झालीय. 'सर्च' या संस्थेनं गडचिरोलीत गावातल्याच बायांना बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, बाळमृत्यू घटले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आशा आज नवजात बाळाच्या घरी जाते ती तीच पद्धत. तुम्ही तिच्यासोबत एकदा जा. बॅग तिची, बोलणंही तिचंच. तुम्ही गप्प बसा.

प्रश्नकर्ता:
काल आशाताईसोबत पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) गेलो. आजीचा गडवा पाऊण लिटरचाच निघाला. वरचं पाणी चहाच्या कपानं मोजलं: एक गडवा, दोन कप. मग आजीनं सुनेला कोलामीत सगळं सांगितलं. मला एक शब्द कळला नाही. आशाताई म्हणाली, बरोबर सांगितलं.