खाडीची हद्द नेमकी कुठे?

ऐरोलीकर: आमच्या इमारतीमागे ठाणे खाडीचे पाणी ओहोटीला खारफुटीपलीकडे जाते आणि उधाणाला थेट कुंपणाच्या भिंतीला लागते, मग जमीन संपली कुठे, हे कोणत्या पाण्यावरून ठरवायचे?

भूमापक: उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथपर्यंत पोहोचते, ती भरतीरेषा. मात्र ती आपण डोळ्यांनी ठरवायची नसते. चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली रेषा ग्राह्य धरतात. खाडीकाठी तिच्यापासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेने नियमनाखाली आणला होता; २०१९ च्या अधिसूचनेने १०० चे ५० केले, जे मला तरी पटलेले नाही.

खाजणकाठ: १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेपूर्वीचा बांध किंवा उघाडी (बांधातले पाणी अडवण्या-सोडण्याचे दार) असेल, तर भरतीरेषा तिथेच थांबते. त्यामुळे जुन्या खारजमिनीच्या बांधाचे वय हाच अनेकदा वादाचा खरा मुद्दा असतो.

भूमापक: बरोबर. तरीही बांधाच्या आत खारफुटी असेल तर तिला संरक्षण आहेच. तिच्याभोवतीचा ५० मीटरांचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.