दळण आणायला पाठवलं होतं… (तुमचेही लिहा)

पोळपाट_लाटणं:
काल भाजी घेऊन येताना गल्लीतल्या गिरणीसमोरून गेले. गरम पिठाचा वास आला आणि पाय थांबलेच.

मी चौथीत होते. आईने सायकलच्या कॅरियरला गव्हाचा डबा बांधून दिला आणि बजावलं, "गव्हावरच टाकायला सांग, आधीचं दळण गव्हाचंच हवं. समोर उभी राहा." मी डबा रांगेत लावला आणि शेजारच्या ओट्यावर सागरगोटे चालले होते तिकडे पळाले. परत आले तर डबा तयार. मी खूश.

रात्री आई पोळ्या लाटतेय तर कडा चिरतायत, रंग करडा. "कशावर टाकलं गं?" मी म्हटलं, "गव्हावर." तिने पुन्हा विचारलं नाही. बाबा घास घेऊन म्हणाले, "आज बाजरीची चव आलीये, बरी लागतेय." पुढे आठ दिवस रोज तीच पोळी आणि कोणी अवाक्षर काढलं नाही. सहाव्या दिवशी मीच ताटावर रडायला लागले. आई म्हणाली, "माहितीये मला. अजून दोन दिवसांचं पीठ आहे."

तेव्हापासून काही बिघडवलं तर आधी जाऊन सांगून टाकते. ऑफिसातसुद्धा. तुम्हाला असं कुठल्या साध्या कामात काय कळलं?

बार्शीकर:
भारनियमनाच्या काळात आमच्या गिरणीत लाईट आली की झुंबड. एकदा एका म्हातारीचा डबा मागे सरकवून मी माझा पुढे ठेवला. माझी ज्वारी जात्यावर पडली आणि लाईट गेली. अर्धं पीठ, अर्धे दाणे. म्हातारी म्हणाली, "बस लेकरा," आणि पदरातले फुटाणे दिले. दोन तास शेजारी बसून खाल्ले. घशाखाली उतरत नव्हते राव.

शंकासुर:
एक तांत्रिक शंका. आधीच्या धान्याचं पीठ सुरुवातीला पडतं, म्हणजे ते डब्याच्या तळाशी जाणार. मग पहिल्याच रात्री पोळी करडी कशी?

पोळपाट_लाटणं:
@शंकासुर, गरम पीठ परातीत उलटं करून गार करायचे ना. सगळं एकत्र झालं. तुम्ही कधी दळण आणलंय का?

शंकासुर:
नाही. बहीण आणायची. (हा धडा आत्ता मिळाला.)

कुकर_लावलाय:
मस्त धागा!! शिट्ट्या झाल्या की लिहिते.

माणदेशी_म्हातारा:
72 च्या दुष्काळात रेशनवर मिलो मिळायचा. अमेरिकेची तांबडी ज्वारी. भाकरी गिळता गिळायची नाही. आई खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आणायची. मी मिलो दळायला गेलो की गिरणीवाला पट्टा थांबवून जात्याच्या खोक्यावर लाकडी हातोडी मारायचा, अडकलेलं मूठभर पीठ खाली पडायचं. ते त्याने कधी स्वतःकडे ठेवलं नाही. ज्याचं त्याच्या डब्यात. पुढे मी सोसायटीत तीस वर्षं वजनकाट्यावर होतो. एवढंच सांगतो.

बार्शीकर:
काका __/\__

वऱ्हाडी_ठेचा:
मले यात धडा-बिडा काई दिसत नाही बाप्पा. माह्या हातून तुरीची डाळ सांडली तं मायनं लाटण्यानं हाणलं. शिकलो एकच, सांडलं तं पळायचं. 😂

परदेशी_पाहुणी (न्यू जर्सी):
इथे पाकिटातलं ज्वारीचं पीठ मिळतं, पण विरीच (चिकटपणा) नसते. भाकरी थापायला गेलं की नकाशे. कोणाकडे उपाय आहे?

पिठलंभाकरी:
@परदेशी_पाहुणी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढ, झाकून ठेव, मग मळ. विरी गेलेल्या पिठालाही चालतं. माझ्या सासूबाई तर पिठाची चिमूट बोटांत चोळूनच सांगायच्या किती दिवसांचं आहे ते. मला वाटायचं मुद्दाम खोड काढतात. आता सून आली तर मीच चिमूट चोळत उभी असते, आणि तिचा चेहरा बघून गप्प बसते.

परदेशी_पाहुणी (न्यू जर्सी):
करून बघते. आई असती तर तिलाच फोन केला असता. मार्चमध्ये गेली.

पोळपाट_लाटणं:
अगं… केव्हाही विचार इथे. रात्री-अपरात्री जागं असतंच कोणीतरी.

वऱ्हाडी_ठेचा:
ताई, माही मायबी नाही आता. ते लाटणं आहे पण घरी.

कुकर_लावलाय:
आले. धागा वाचत बसले आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. डाळीचं पिठलं झालंय. आधी सांगून टाकू की आठ दिवस गप्प बसू? 😄

शंकासुर:
आधी सांगा. आणि भाजणीचं दळण कशावर टाकतात? रविवारी मला पाठवणार आहेत.

पिठलंभाकरी:
हरभरा डाळीवर. तांदळावर चालेल. गव्हावर अजिबात नको, चकली मऊ पडते. आणि समोर उभे राहा!