मदत हवी आहे : हॅटरसच्या प्रवाहात शिसं जागेवर राहत नाही

नॉर्थ कॅरोलिनात केप हॅटरसच्या किनाऱ्यावर सुट्टीत गरी टाकायची आहे. 16 वर्षं आणि त्यावरील सगळ्यांचा समुद्री मासेमारी परवाना काढलेला आहे. लक्ष्य पॉम्पानो आणि सी मुलेट हे मासे.

साहित्य: 10 फुटी रॉड, 20 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे 40 पौंडी शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका झेलणारी जाड दोरी (दर औंस शिशाला 10 पौंड हा हिशेब), दोन फाट्यांचा रिग (मुख्य दोरीतून निघणाऱ्या दोन आखूड दोऱ्यांना एकेक गळ), 1 नंबरचे सर्कल हुक (गोल वळणाचे गळ), 4 औंसाचं पिरॅमिड आकाराचं शिसं, म्हणजे तळाशी बसणारं वजन. आमिष म्हणजे लाटेच्या कडेला वाळूत सापडणारे सँड फ्ली (छोटे खेकड्यासारखे जीव), नाहीतर कोळंबीचे तुकडे.

अडचण अशी की ईशान्येचा वारा सुटला की किनाऱ्यालगतचा प्रवाह पिरॅमिड ओढून नेतो. शिसं गडगडतं, फाटे मुख्य दोरीला गुंडाळतात, आमिष बाहेरच्या वाळूपट्ट्याच्या आतल्या घळीतून निघून थेट उथळ पाण्यात येतं. मासे तर घळीतच चरतात! प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेकून दोरीला पोट सोडलं की थोडं टिकतं, पण शेवाळ अडकलं की पुन्हा सुटतं.

विचारायचं ते हे:
वाळूत रुतणारे तारेचे पाय असलेलं स्पुटनिक शिसं 4 औंसाचं पुरेल, की 5 लागेल? 5 घेतलं तर लीडर 50 पौंडी करावा लागेल, आणि रॉडला ते झेपायला हवं.
फाटे 6 इंचांवरून 3 वर आणले तर गुंता कमी होतो का?
ब्लूफिश हे धारदार दातांचे मासे मोनो (एकपदरी नायलॉन दोरी) कापतात. त्याऐवजी तार लावली तर पॉम्पानो बिचकतील ना?

तिथे प्रत्यक्ष गरी टाकणाऱ्यांनी वजन आणि लांबीच्या आकड्यांसकट सांगावं.