गुडघ्याची कळ मारणारं इंजेक्शन अडवलं, ते बरं झालं का?

मिरजकर_तिकटी
गंगावेशीपासून महाद्वार रोडपर्यंत चालत जा, कठडा धरून एकेक पायरी उतरणारी माणसं दिसतीलच. यांच्यासाठी टॅनेझुमॅब नावाचं इंजेक्शन येऊ घातलं होतं. आपल्या अंगात मज्जातंतूंची वाढ करणारं एक प्रथिन असतं, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एनजीएफ. झिजून सुजलेल्या सांध्यात ते जास्त तयार होतं आणि वेदना वाहणाऱ्या तंतूंना भडकवतं. टॅनेझुमॅब त्या एनजीएफलाच पकडून ठेवतं, म्हणून कळ कमी होते. आठ आठवड्यांतून एकदा टोचायचं, बस्स. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी विरोधात कौल दिला आणि त्याच वर्षी कंपन्यांनी काम गुंडाळलं.

माझ्या मते हे चुकलं. वर्षानुवर्षं डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या खाऊन मूत्रपिंडं घालवायची मुभा आहे, मग या इंजेक्शनाचा धोका पत्करायची का नको? दुखणं ज्याचं, निर्णय त्याचा.

भूलवाला
निम्मीच गोष्ट सांगितलीत. २०१० मध्येच या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या, कारण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं खराब झाले आणि बदलावे लागले. पुढं कमी मात्रेत पुन्हा सुरू केल्या, तरी ती भानगड सुटली नाही. आधी धड असलेले सांधेही त्यातून सुटले नाहीत. समितीपुढचा प्रश्न नेमका होता: एक्स-रे काढत, लक्ष ठेवत हे दिलं तर फायदा धोक्याहून मोठा ठरेल का? १९ जण नाही म्हणाले. आणि इतकं करून गोळ्यांपेक्षा ते ठळकपणे सरस ठरलेलंच नव्हतं.

अजून एक. वेदनाशामक गोळ्या सोबत चालू असल्या की सांधा जायचा धोका आणखी वाढत होता. आता सांगा, आपल्याकडं इंजेक्शन घेतलेला माणूस मेडिकलमधून गोळी आणायची थांबणार आहे का?

शिवाजी_पेठ_तालीम
डॉक्टर बरोबर बोलतंय. पैलवानाचं दुखणं मारलं की गडी त्याच गुडघ्यावर आणि जोर काढतोय. दुखतंय म्हणून तर बसतोय घरात! 😄

बायो_शिकवते
मुळाशी जाऊ या. हे प्रथिन सापडलं गर्भाच्या अभ्यासातून. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी इटलीत ज्यूंना विद्यापीठं बंद झाली, तेव्हा रिटा लेवी-मोंताल्चिनी यांनी तुरीनच्या घरी, झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईला गेल्या. स्टॅनले कोहेन यांच्यासोबत प्रथिन वेगळं करताना आधी सापाच्या विषात आणि मग नर उंदराच्या लाळग्रंथीत त्याचा भरपूर साठा मिळाला. (बत्तीस शिराळ्याच्या नागांनी कॉलर ताठ करावी.) १९८६ चं नोबेल दोघांना.

गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. कातडी, अवयव यांच्याकडून मोजकंच एनजीएफ मिळतं. ज्या पेशींना ते मिळालं त्या जगतात, बाकीच्या मरतात. एनजीएफचा संदेश घेणाऱ्या ग्राहीचं जनुक, एनटीआरके१, जन्मतःच बिघडलेलं असेल तर मुलाला वेदना कळत नाहीत आणि घामही येत नाही. अशी मुलं जीभ चावून घेतात, मोडलेल्या हाडावर चालतात, सांधे निकामी होतात. अंगात ताप चढत जातो तो वेगळाच. वेदनेचा हा तंतू तोडायच्या आधी त्या मुलांकडं बघा.

मिरजकर_तिकटी
मॅडम, गर्भाचा न्याय साठीच्या माणसाला लावू नका. मोठेपणी वेदनेच्या पेशी जगायला एनजीएफवर अवलंबून नसतात, तेव्हा त्याचं मुख्य काम त्यांना हुळहुळं करणं हेच उरतं. इंजेक्शनानं पेशी मरत नाहीत, चेव तेवढा उतरतो.

बायो_शिकवते
पेशी मरत नाहीत, मान्य. पण चेव उतरलेल्या सांध्यावर माणूस भार टाकतोच ना? सांधे नेमके कशानं गेले याचं पक्कं उत्तर अजून नाही, आणि माझ्या दृष्टीनं तेवढं कारण थांबायला पुरे.

कळंबा_लॅब्राडोर
माणसांना नाकारलं, पण कुत्र्यांना दिलंय की. बेडिनवेटमॅब, हेच तत्त्व, महिन्याला एक इंजेक्शन. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. म्हातारी कुत्री परत जिना चढू लागली असं सांगणारे मालक पुष्कळ आहेत.

भूलवाला
आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच औषध प्रशासनानं पशुवैद्यांना पत्र काढलं: तोल जाणं, झटके येणं अशा तक्रारी आल्यात, मालकांना कल्पना द्या. कुत्रं काही बोलून दाखवणार नाही.

रंकाळा_वॉक
सगळे एनजीएफ तोडायच्याच मागं. ते देऊनही उपचार होतात! डोळ्याच्या बुबुळाची संवेदना जाऊन जखम भरत नाही, त्यावर सेनेजर्मिन हे एनजीएफचेच थेंब २०१८ पासून अमेरिकेत आहेत. दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे.

बायो_शिकवते
तिथं जमलं, कारण थेंब जागेवरच पडतो. मधुमेहात पाय बधिर होतात, त्यावर एनजीएफ टोचून बघितलं, मोठ्या चाचणीत गुण आला नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत सोडून बघितलं, तर रुग्णांची पाठ दुखायला लागली.

मिरजकर_तिकटी
ठीक, सरसकट देऊ नका. पण माझ्या आत्यासारखी माणसं? हृदय अधू म्हणून सांधा बदलता येत नाही, मूत्रपिंडामुळं गोळ्या बंद. तिच्यासाठी तरी दार उघडं ठेवायला हवं होतं.

भूलवाला
त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण नेमकं त्यांनाच द्यायला मी सगळ्यात जास्त घाबरेन. या इंजेक्शनानं खुबा गेला तर उपाय शस्त्रक्रियाच, आणि ती त्यांना झेपत नाही.

मिरजकर_तिकटी
ती आत्ताही उंबरा ओलांडत नाही डॉक्टर. तिलाच विचारून बघा.

भूलवाला
विचारू. मात्र खुब्याचं आधी सांगून.